शब्दचर्चा: वीजबाजारांचं 'कपलिंग' आणि 'रेग्युलेशन'

प्रश्न:
युरोपातले वीजबाजार जोडण्याचे नियम 'रेग्युलेशन'ने करायचे की 'डायरेक्टिव्ह'ने, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि दोन शब्दांपाशी अडले आहे. शेजारी देशांचे वीजबाजार एकमेकांना जोडतात त्या 'मार्केट कपलिंग'ला आधी 'बाजार-जोडणी' लिहिलं, पण आपल्याकडे वीजजोडणी म्हणजे घरी मीटर बसणं. 'विलीनीकरण' चालेल का? आणि 'रेग्युलेशन'ला 'विनियम'?

प्रतिसाद:
विलीनीकरण नको. २००६च्या नोव्हेंबरात फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सचे बाजार जोडले गेले, तेव्हा तिन्ही एक्स्चेंज, म्हणजे विजेची खरेदी-विक्री जिथे होते ती केंद्रं, आपापल्या जागीच राहिली. पूर्वी सीमेपलीकडे वीज न्यायची तर वाहिनीवरची जागा एका लिलावात घ्यायची आणि वीज दुसरीकडे. दोन्हींचा मेळ बसला नाही की महाग बाजाराकडून स्वस्त बाजाराकडे वीज वाहायची! कपलिंगमध्ये उद्याच्या विजेच्या सगळ्या बोली एकत्र घेतात. दर आणि वाहिनीवरची जागा एकाच हिशेबात ठरतात. वाहिनीत जागा आहे तोवर दोन्हीकडे दर सारखा, ती भरली की तफावत उरते.

म्हणून मी 'सांगड' सुचवेन. नदी उतरायला दोन होड्या किंवा भोपळे एकत्र बांधतात, ती सांगड. दोन्हींचं वेगळेपण राहतं, पण पाण्यात चाल एकच. 'बाजारांची सांगड' हा शब्दप्रयोग कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा प्रतिसाद:
सांगड फार आवडला. 'विनियम'बद्दल मात्र सावध राहा. आपल्या २००३च्या वीज कायद्यात संसदेचा तो अधिनियम, सरकार करतं ते नियम आणि नियामक आयोग करतो ते विनियम. मराठी वाचक विनियम म्हणजे आयोगाचा, कायद्याखालचा दस्तऐवज असंच समजणार. युरोपीय संघाचं रेग्युलेशन सगळ्या सदस्य देशांत थेट लागू होतं. डायरेक्टिव्हमध्ये साध्य बंधनकारक, ते कसं गाठायचं ते त्या त्या देशाकडे. तुमच्या लेखाचा विषयच यातलं काय निवडायचं हा आहे, तेव्हा दोन शब्द स्पष्ट वेगळे हवेत. मी 'थेट लागू नियम' आणि 'निर्देश' लिहीन.

आणि खरी अडचण पुढे आहे. सांगडीचे नियम आले ते २०१५च्या १२२२ क्रमांकाच्या रेग्युलेशनमध्ये, पण त्याच्या नावातच 'गाईडलाइन' आहे. त्याचं 'मार्गदर्शक तत्त्वे' केलंत की आपल्या माणसाला राज्यघटनेतली तत्त्वं आठवणार, जी न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत. इथे उलट आहे, हे बंधनकारक आहे. ते तसं असण्याला कारणही आहे: सगळ्या देशांच्या बोली एकाच गणनपद्धतीतून जाणार, मग प्रत्येकाने आपापली रीत ठेवून कसं भागेल?

प्रश्नकर्ती:
मी 'मार्गदर्शक तत्त्वे' असंच लिहून ठेवलं होतं, तेही तीन ठिकाणी. आता 'सांगडीचे बंधनकारक नियम' करते आणि मूळ नाव पहिल्या उल्लेखापाशी देवनागरीत देते. 'निर्देश' ठेवू की 'निदेश'?

प्रतिसाद:
निर्देश. निदेश सरकारी राजपत्राबाहेर कुणी बोलत नाही.