पार्क जी-सुंगचं मँचेस्टरमध्ये चीज झालं का?

मधली फळी
१४ जून २००२, इंचॉन. डावीकडून आलेला क्रॉस दक्षिण कोरियाच्या पार्कने छातीवर घेतला, उजव्या पायाने पोर्तुगालच्या कॉन्सेसाओवरून अलगद उचलला आणि डाव्या पायाने मारला तो थेट गोलकीपरच्या दोन पायांमधून आत. पोर्तुगाल वर्ल्ड कपबाहेर. पोरगा धावत जाऊन कोच हिडिंकच्या गळ्यात पडला. वय २१.
आता पुढचा हिशोब बघा. मँचेस्टर युनायटेडमध्ये ७ हंगाम, २०५ सामने, २७ गोल. असा गोल मारणाऱ्याला मॅनेजर फर्ग्युसनने मोठ्या सामन्यांत पहारेकरी करून टाकलं. वर २००८ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोनाविरुद्धच्या दोन्ही उपांत्य सामन्यांत जीव तोडून पळवलं आणि मॉस्कोच्या फायनलला राखीव खेळाडूंतसुद्धा घेतलं नाही. माझं ठाम मत आहे, त्याचं तिथे चीज झालं नाही.

डावा हाफ
अजिबात पटलं नाही. गोल मोजून मिडफिल्डर जोखायचा असेल तर बोलणंच खुंटलं.
२०१० ची एसी मिलानची लढत आठवा. त्यांच्या मिडफिल्डर पिर्लोचा सगळा खेळ एका क्षणावर चालायचा: चेंडू पायाशी आला की मान वर, एक नजर, आणि लांब पास. पार्कने दोन्ही सामन्यांत त्याला मान वर करू दिली नाही. सॅन सिरोवर ३-२, घरी ४-०, आणि त्या चारातला एक गोल पार्कचाच. याला पहारा म्हणता? समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते वाचल्याशिवाय हे जमत नाही. मी स्वतः हाफला खेळलोय. नव्वद मिनिटं एकाच माणसाची सावली होऊन राहायचं आणि वर हल्ल्यातही पोचायचं, छाती फुटते.

सुवॉनकर
तुम्ही दोघंही गुडघ्यांबद्दल बोलतच नाही आहात. २००३ ला ऑपरेशन, २००७ ला पुन्हा. तरी राष्ट्रीय संघासाठी दर वेळी युरोपातून आशियात विमानाने जायचं आणि परतून लगेच लीगचा सामना. शेवटी २०११ च्या आशियाई कपात शंभरावा सामना खेळून त्याने देशाची जर्सी उतरवली, तिशीच्या आत! कोरियात कित्येकांना ते लागलं, पण माझ्या मते त्याचा निर्णय रास्तच होता.

मधली फळी
@डावा हाफ, पिर्लोचं मान्य, तिथे मी घाईने बोललो. मॉस्कोचं मात्र नाही. २००९ ला रोमच्या फायनलला पहिल्यापासून खेळवलं म्हणून आधीचं पुसलं जात नाही.

डावा हाफ
मॉस्कोचं मलाही आजवर लागतं. पण ४ लीग विजेतेपदं मिळवणाऱ्या संघात फर्ग्युसनने त्याला ७ वर्षं ठेवला, तो काय दयेपोटी?

मधली फळी
दयेपोटी नाहीच, गरज होती म्हणून. माझं दुखणं वेगळं आहे. मँचेस्टरच्या आधी नेदरलँड्सच्या पीएसव्ही आइंटहोवनला सुरुवातीला घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. तिथेच २००५ ला मिलानविरुद्ध त्याने ९व्या मिनिटाला गोल केला. पीएसव्ही ३-१ ने जिंकूनही, दोन सामन्यांची बेरीज सारखी झाल्याने, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या गोलांच्या तेव्हाच्या नियमाने बाहेर गेले, पण त्या रात्री हल्ला त्याच्यापासून सुरू होत होता. गुडघे थकल्यावर शेवटचा हंगाम खेळायला तो तिथेच परत गेला. तो सामना मी अजून लावून बघतो, आणि मला त्या रात्रीचा पार्क आणखी दहा वर्षं बघायचा होता.