ठमीचा केक, नाशिक, जानेवारी

ठमीची आई, रविवार रात्री

नमस्कार मंडळी,

आम्ही २० डिसेंबरला मेलबर्नहून नाशिकला निघतोय. ठमीचा पहिला वाढदिवस ९ जानेवारीला, आजोळी, इंदिरानगरला. माझ्या वहिनीने हौसेने फोटोग्राफर ठरवून टाकलाय. ९ तारखेला त्याचं लग्नाचं काम आहे, म्हणून फोटो ३ जानेवारीलाच. त्याच्या पॅकेजमध्ये केकही येतो: अर्धा किलो, दोन मजली, लाल-निळा, वर फाँडंटचा हत्ती. बाळाला समोर बसवायचं आणि तिने तो केक हाताने फोडायचा, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच असेल.

ठमीने आजवर केक चाखलेला नाही. वरणभात, दही, केळं, रताळं, अंडं हे सगळं खाते. तर हा पॅकेजमधला केक घ्यावा, कॉलेज रोडवरच्या एखाद्या बेकरीतून घ्यावा, की घरगुती करणाऱ्या कुणाकडून? नाशिकमध्ये ज्यांनी असा खटाटोप केलाय त्यांनी जरा सांगा. आईच्या घरी ओव्हन नाही, आणि अंडं आणलेलं तिला चालत नाही.

---

माई, सोमवार

अगं, हत्ती आधी रद्द कर.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातवाचं हेच केलं होतं, नाशिकमध्येच. बेकरीचं नाव सांगत नाही, माणसं चांगली होती, चूक आमचीच. आम्ही नुसतं ‘छान दिसेल असा’ म्हणालो. त्यांनी फाँडंटचा केला. फाँडंट म्हणजे साखरेची कणीकच, वाळली की वरून पापडासारखी कडक. त्यात तो सकाळी फ्रीजमधून काढून थेट पोरासमोर ठेवला. पोराने थाप मारली, केकला काही झालं नाही. दुसरी मारली, केक पाटावरून घसरत फोटोग्राफरच्या पायापर्यंत गेला. मग नातू जो रडला! आमच्याकडे त्या दिवसाचे फोटो आहेत, पण सगळ्यांत तोंड उघडं आणि डोळे मिटलेले.

तेव्हा तीन गोष्टी कर. केक मऊ हवा, बोट रुतलं पाहिजे. फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढायचा. जानेवारीत नाशिकच्या घरात तो काही वितळत नाही, मेमध्ये असतीस तर वेगळं सांगितलं असतं. आणि ताटाखाली ओलं फडकं घालायचं, म्हणजे घसरत नाही.

बेकरीत ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मागितलंस तरी बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं फेटलेलं क्रीम मिळतं. दुधाचं नसतं. पाहुण्यांच्या केकला चालतं, उन्हाळ्यात टिकतंही जास्त, पण खाल्ल्यावर टाळूला तुपकट थर राहतो तो त्याचाच. सरळ विचारायचं, दुधाचं का बिनदुधाचं. विचारल्यावर लपवत नाहीत.

अर्धा किलो कशाला? आता ते बेंटो केक मिळतात, चार इंची, पाव किलोच्या आसपास. एवढ्याशा जिवाला तोही पुरून उरतो.

---

डॉक्टरमामा, सोमवार

मला आज या विषयावर दोन फोन आले, म्हणून एकदाच लिहितो.

मध नको. ३ तारखेला ठमी वर्षाची झालेली नसेल. एक वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात त्याचा) धोका असतो, आणि ‘केकमध्ये भाजला जातो की’ हे खरं नाही. ओव्हन १८० वर असला तरी केकच्या आतलं तापमान शंभराच्या पुढे जात नाही. मधातले बीजाणू त्याला दाद देत नाहीत.

जे आजवर खाल्लेलं नाही ते फोटोच्या दिवशी पहिल्यांदा नको, विशेषतः काजू-बदामाची पूड, अक्रोड, शेंगदाणे. अंगावर पित्त उठलं तर कशाने उठलं ते कळणार नाही, आणि तुम्ही परगावी. द्यायचंच असेल तर आधी घरी, थोडंसं, सकाळच्या वेळी देऊन पाहा.

साखरेचे चकचकीत गोळे, सजावटीत खोचलेल्या टूथपिक, तारा, प्लास्टिकचे मुकुट: काहीही नको.

साखर: जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना दोघांचंही म्हणणं दोन वर्षांपर्यंत वरून साखर टाळा असंच आहे. चार बोटं चाटल्याने आभाळ कोसळत नाही. पण ती चाटणारच आहे तर तिच्या रोजच्या खाण्यातलाच केक करा ना.

---

कॅमेरेवाला (हौशी), सोमवार रात्री

रंगाबद्दल बोलतो. लाल क्रीम बाळाच्या तोंडाला लागलं की फोटोत पोर पडून ओठ फुटल्यासारखं दिसतं. चॉकलेट कशासारखं दिसतं ते आईबापांना सांगायला नको. गडद निळा जिभेवर आणि नखांत दोन दिवस राहतो. पांढरा, मोतिया, फिका गुलाबी, फिका पिवळा, एवढ्यातच राहा. मात्र पांढरा केक पांढऱ्या पडद्यासमोर हरवतो. मागे आजीचं एखादं जुनं काठपदर लावा.

उंची महत्त्वाची. दोन मजली केकमागे बसलेल्या बाळाचे फक्त केस दिसतात. तीन इंचांच्या वर नको.

वेळ. मेलबर्नचे संध्याकाळचे सात म्हणजे नाशिकचे दुपारचे दीड. पहिला आठवडा ती भर दुपारी रात्र झाल्यासारखी झोपणार. ३ तारखेपर्यंत रुळेल, तरी सकाळी साडेनऊ-दहाच धरा, झोप आणि दूध झाल्यावर. फोटोग्राफर गंगापूर धरणावर चला म्हणेल. सूर्योदय सुरेख असतो, मान्य. पण जानेवारीत पहाटे नाशिक १० अंशांच्या खालीही जातं, पाण्यावरून वारा येतो, आणि तुम्ही पोराला नुसत्या लंगोटात बसवणार. घरची पूर्वेची गॅलरी बघा.

---

खजिनदार, मंगळवार

केकची चर्चा वाचून भूक लागली. मंडळाच्या सहलीचे पैसे मात्र अजून अकराच कुटुंबांनी भरलेत. बस ठरवायची आहे हो.

---

ठमीची आई, बुधवार

सगळ्यांचे आभार. (पैसे भरले, काका.)

हत्ती रद्द झाला. फोटोग्राफर चांगला निघाला, केक तुमचा आणा म्हणाला, पैसे कमी करतो. पण आता अडलंय दुसरीकडेच. काल आईला फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, “म्हणजे अन्न पायाखाली तुडवायचं आणि त्याचे फोटो काढायचे?” मी म्हटलं तुडवायचं नाही गं, हाताने. तर म्हणे, “वर्षाचं पोर हात घालतं तिथे पाय घालतंच. संक्रांतीला बोरन्हाण करू, काळं झबलं शिवलंय, हलव्याचे दागिने आहेत. त्याचे काढा की फोटो.”

आणि मला तिचं पटलं, हीच पंचाईत आहे. मी लहानपणी ताटात भाताचं शीत टाकलं तर उठू द्यायची नाही ती. पण वहिनी बिचारी दोन महिने तयारी करतेय.

---

माई, बुधवार

तुझ्या आईचं अर्धं बरोबर आहे.

नासाडी म्हणशील तर केक लहान केला की संपला प्रश्न. उष्टावणाला पोराने चांदीच्या वाटीत हात घालून खीर कपाळाला फासली तेव्हा आपण सगळे हसलोच होतो. अन्नात हात घालून खाणं हे काही आपल्याला नवं नाही. पायाचं मात्र तिचं खरं. त्यावर उपाय चौरंग. ठमीला खाली सतरंजीवर बसव, समोर चौरंग, त्यावर ताट, ताटात केक. पाय चौरंगाखाली जातात, केक छातीशी येतो. कॅमेरेवाले म्हणतात तसा बसका केक असला की चेहराही दिसतो.

आधी औक्षण करून घ्या, स्वच्छ कपड्यांत. तुझ्या आईला निरांजनाचा फोटो मिळेल. मेणबत्ती नकोच. वाढदिवसाला दिवा लावायचा, विझवायचा कशाला, हे तीही म्हणेल.

आता केक. तुझ्या आईच्याच हातचा होऊ दे. तिने केला की ती नावं ठेवणार नाही, बघ.

एक वाटी बारीक रवा, अर्धी वाटी दही, एक मोठं पिकलेलं केळं कुस्करून, सहा-सात खजूर कोमट दुधात भिजवून वाटून, पाव वाटी पातळ तूप, वेलची. अर्धा तास झाकून ठेवायचं, रवा फुगतो. मग लागेल तसं दूध घालून इडलीच्या पिठासारखं करायचं, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, आणि लगेच डब्यात. जाड कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवायची, मग डबा आत. मंद आचेवर ३५-४० मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झालं. आपण ओव्हन घरात येण्यापूर्वी असेच केक करायचो, तिला आठवेल.

वरच्या थराला क्रीम नाही, चक्का. नाशिकमध्ये डेअरीत सुटा मिळतो, अर्धा किलो आण. आदल्या रात्री मलमलच्या फडक्यात पुन्हा बांधून फ्रीजमध्ये टांगायचा, उरलंसुरलं पाणी जातं. सकाळी पुरणयंत्रातून काढायचा श्रीखंडाला काढतो तसा, त्यात दोन चमचे खजुराचा गर. लोण्यासारखा होतो, सुरीने फासता येतो, धार राहते. गुलाबी हवा असेल तर बिटाचा रस एक चमचा, जास्त घातलास तर पातळ होईल.

फुलं लावू नकोस. जानोरी-मोहाडीकडचे गुलाब फार देखणे, पण ते फुलदाणीसाठी पिकवलेले, त्यांच्यावर फवारण्या होतात. ताटाच्या बाहेर ठेव.

---

डॉक्टरमामा, बुधवार

चक्का उत्तम. बोरन्हाणाबद्दल राहिलंच: बोरं, हरभरे, उसाचे करवे, हलवा, गोळ्या, यांतलं जवळजवळ सगळं वर्षाच्या बाळाच्या घशात अडकू शकतं. डोक्यावरून चुरमुरे ओता, बाकीचं मोठ्या मुलांना वाटा. आणि तोपर्यंत घरात सटाण्याकडची अर्ली द्राक्षं पेटीने येतील. आख्खं द्राक्ष द्यायचं नाही. उभं चिरून चार फाका.

---

ठमीची आई, ५ जानेवारी, नाशिकहून

मंडळी, झालं एकदाचं.

चार इंची डबा इथे भांडीबाजारात शोधायला निघालेच होते, तर आईने माळ्यावरून ॲल्युमिनियमचा जुना डबा काढला, माझ्या बालवाडीतला. झाकणावर खिळ्याने कोरलेलं माझं नाव. मेलबर्नहून आणलेला कोरा चार इंची डबा बॅगेतच राहिला. केक कढईत झाला, एका बाजूने जरा जास्त लागला, ती बाजू फोटोग्राफरने मागे केली. चक्का आईने स्वतः फासला, उलथन्याने, आणि वर काट्याने रेघा ओढल्या. वहिनीला फुगे लावू दिले. एकंदरीत तह झाला.

औक्षणाला ठमी निरांजनाकडेच बघत राहिली, फोटो सुंदर आलाय. मग कपडे काढून चौरंगापुढे बसवलं. पाच मिनिटं काहीच नाही. दोन बोटांनी चक्का उचलला, बघितला, पुन्हा ठेवला. फोटोग्राफर खुळखुळा वाजवून दमला. मग आईने स्वतःचं बोट बुडवून चाटलं, “मिटक्या मारून दाखवते” म्हणत, आणि ठमीने आजीचा हात धरून तोच केकमध्ये दाबला. आजीच्या मनगटापर्यंत चक्का, पाटलीसकट. सगळ्यांत चांगला फोटो तोच.

पण माई, चौरंगाचा एक घोळ. आमच्या बाईसाहेब त्याला धरून उभ्या राहिल्या! या आठवड्यातच शिकल्यात. उभी राहून तिने केकवर दोन्ही हात टेकले, पुढचा अर्धा भाग चौरंगावरून ओघळला आणि थेट तिच्या पावलांवर. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “अन्नाला पाय नाही लागला, पायाला अन्न लागलं. चालतं.”

चांदीच्या वाळ्यांच्या घुंगरांत चक्का जाऊन वाळला. दोन दिवस वाळे मुके होते, बाबा आज सकाळी गॅलरीत बसून जुन्या टूथब्रशने एकेक घुंगरू साफ करत होते. उरलेला केक चहाबरोबर आम्हीच संपवला, वहिनीने दोनदा घेतला. खजूर सहाऐवजी चार पुरले असते.

मेलबर्नचा कोरा डबा मी परत आणतेय. फेब्रुवारीत मंडळात कुणाचं बाळ वर्षाचं होणार असेल तर सांगा, देते. बालवाडीचा डबा मात्र आई द्यायला तयार नाही.