कर्नल कोडबाबत ‘पोर्टेबल’ला काय म्हणायचं?

प्रश्न: ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचा (तिच्या गाभ्याचा) सी कोड वेगवेगळ्या कंपायलरवर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्राम) बिल्ड व्हावा म्हणून काय करतात यावर मराठीत लिहितोय. पोर्टेबलला ‘सुवाह्य’ असा शब्द आहे पण तो वाचला की उचलून नेता येणारी वस्तूच डोळ्यासमोर येते. आणि अनडिफाइन्ड बिहेवियरला काय म्हणता?

उत्तर: प्रोसेसर बदलत असेल तर सुवाह्य चालेल, कोड एका मशीनवरून दुसऱ्यावर नेला असं म्हणता येतं. पण कंपायलर बदलताना कोड कुठेच जात नाही, मशीन तेच, फाइल तीच, फक्त वाचणारा बदलतो आणि दोघांनी तिचा अर्थ एकच लावायला हवा. मी ‘कंपायलर-निरपेक्ष’ लिहितो.

उत्तर: निरपेक्ष मला पटत नाही, निदान लिनक्ससाठी तरी नाही. तो कोड शुद्ध स्टँडर्ड सी नाहीच, जीसीसी या कंपायलरची एक्स्टेन्शन्स (स्टँडर्डबाहेरच्या जादा सोयी) त्यात ठासून भरलीत. क्लँग या दुसऱ्या कंपायलरवर बिल्ड करायचं ठरलं तेव्हा स्ट्रक्टच्या आत बदलत्या लांबीचे अ‍ॅरे होते ते काढावे लागले कारण क्लँग ते घेतच नाही, उलट ‘एएसएम गोटो’ (असेंब्लीतून थेट सी कोडमधल्या लेबलवर उडी मारायची सोय) कर्नलला हवंच होतं म्हणून ते क्लँगमध्ये आणलं गेलं, 2019 च्या नवव्या आवृत्तीत. म्हणजे थोडं कर्नल सरकलं, थोडा कंपायलर सरकला. याला निरपेक्ष कसं म्हणणार, ही दोन ठरावीक कंपायलरशी जुळवणी आहे. ‘जीसीसी आणि क्लँग दोन्हींवर बिल्ड होणारा’ असं सरळ लिहा, लांब झालं तरी खरं आहे.

उत्तर: अनडिफाइन्डला ‘अपरिभाषित’ ठीक आहे, फक्त इम्प्लिमेंटेशन डिफाइन्डची त्यात भेसळ नको, बऱ्याच लेखांत दोन्ही ‘अनिश्चित’ म्हणून येतात आणि वाचणाऱ्याची वाट लागते. साधा ‘char’ हा टाइप साइन्ड (ऋण संख्याही धरणारा) की अनसाइन्ड हे स्टँडर्डने इम्प्लिमेंटेशनवर, म्हणजे कंपायलरवर सोडलंय पण जे ठरेल ते लिहून ठेवावं लागतं, एक्स८६ प्रोसेसरवर साइन्ड, आर्म प्रोसेसरवर बहुतेक अनसाइन्ड, म्हणून तर लिनक्सने 6.2 पासून सगळीकडे अनसाइन्ड करून टाकला. इम्प्लिमेंटेशन डिफाइन्डला ‘कंपायलरवर सोडलेलं’ म्हणा. अपरिभाषित म्हणजे कसलीच हमी नाही. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आधी वापरला आणि तो नल (रिकामा) आहे का हे नंतर तपासलं तर कंपायलर म्हणतो की वापरलाय म्हणजे नल नसणारच, आणि तपासणीच उडवतो! 2009 मध्ये लिनक्सच्या टन (TUN, आभासी नेटवर्कच्या) ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच झालं, सिक्युरिटी होल निघालं आणि मग असल्या तपासण्या काढू नको असं कंपायलरला सांगणारा फ्लॅग (पर्याय) कर्नलच्या बिल्डमध्ये घातला. आता असा फ्लॅग दुसऱ्या कंपायलरला कळत नसेल तर कोड एररशिवाय बिल्ड होऊ शकतो पण वागेल वेगळंच, बिल्ड झालं म्हणजे पोर्टेबल झालं असं अजिबात नाही.

प्रश्नकर्ता: मग प्रोसेसरसाठी सुवाह्य ठेवतो, कंपायलरच्या भागात त्यांची नावंच घेतो. इनलाइन असेंब्लीवर (सी कोडमध्येच लिहिलेली असेंब्ली) वेगळा धागा काढतो, तिथे ‘कन्स्ट्रेंट’ला शब्द अडलाय.