'द एडवर्डियन कंट्री हाऊस' कोणी पाहिलंय का? एक प्रश्न आहे

निवांत_नलू
ब्रिटनच्या चॅनल फोरची २००२ ची ही मालिका मी आत्ता बघतेय. काल एका बैठकीत तीन भाग! स्कॉटलंडमधल्या मँडरस्टन नावाच्या खऱ्याखुऱ्या हवेलीत आजची माणसं तीन महिने १९०५ ते १९१४ चा काळ जगतात. एक कुटुंब वर 'सर' आणि 'लेडी' होऊन राहतं, बाकीचे खाली बटलर, हाऊसकीपर, दासी वगैरे. कोणी कसं वागायचं याचं नियमांचं पुस्तकच हातात दिलेलं.

यातली लेडी खऱ्या आयुष्यात इमर्जन्सी विभागातली डॉक्टर आहे. तरी मालकीणपण तिच्या अंगात काय मुरलंय! बटलर झालेले गृहस्थ तर मूळचे आर्किटेक्ट. हे सगळं कॅमेऱ्यासाठी, की कपडे चढले की माणूस बदलतोच? शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी राणी होते. पडदा पडल्यावरही दासी झालेल्या मैत्रिणीला "अगं, घाल ना वारा" म्हणाले होते. ती अजून ऐकवते.

बाब्या_बेसिनवाला
नलूताई, वरचं सोडा, मोरी बघा. स्कलरी मेड, म्हणजे भांडी घासणारी पोरगी, सगळ्यांच्या खालची. पहिली दोन दिवसांत पळाली, दुसरीही टिकली नाही, तिसरी राहिली.
हॉटेल मॅनेजमेंट शिकताना मी सहा महिने भांडी घासलीत. हातांची सालं निघतात, पण त्याचं एवढं नाही. बाहेर काय चाललंय ते कळतच नाही हो. आपल्यापर्यंत नुसतं खरकटं येतं, त्यावरून ओळखायचं आज बेत काय होता.

जुनी_वही
पहिलीला पळता आलं, तिथेच तो काळ संपला. आधीच्या मालकिणीने चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी दिली नाही तर दुसऱ्या बऱ्या घरात काम मिळणं मुश्कील. त्या चिठ्ठीला म्हणायचेच 'कॅरेक्टर'! आणि ब्रिटनमध्ये तेव्हा दहा लाखांहून जास्त बायका घरकामाला होत्या.
'द १९०० हाऊस' (१९९९) ही अशीच मालिका पण बघा. त्यात घरची बाई हाताखाली एक मुलगी ठेवते. मग आपण तिला राबवतोय म्हणून मन खायला लागतं, आणि तिला काढून टाकते. मन हिचं खाल्लं, काम तिचं गेलं.

एडिंबराकर
मँडरस्टन बघून आलोय. जिन्याचा कठडा चांदीचा आहे, खरंच. तो कोण घासत असेल हा विचार जिना चढताना आला नाही, उतरताना आला. तेव्हाचा मालक सर जेम्स मिलरने पैशाकडे न बघता घर नव्याने बांधून घेतलं. पैसा वडिलांनी रशियाशी व्यापार करून जमवलेला. १९०५ च्या शेवटी काम पुरं झालं आणि जानेवारी १९०६ मध्ये गृहस्थ वारला. म्हणजे नव्या घराचं सुख त्यालाही मालिकेतल्या सरांइतकंच, तीनेक महिने.

निवांत_नलू
बापरे, हे माहीत नव्हतं!
जुनी_वही, माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही न देता दिलंत. मन खाणारी बाईसुद्धा शेवटी मालकीणच.
बाब्या, पण मग तिसरी का टिकली? तिला काय वेगळं मिळालं?

बाब्या_बेसिनवाला
हॉल बॉय, म्हणजे पुरुष नोकरांतला सगळ्यात खालचा पोरगा. पुढचं सांगत नाही, बघा तुम्हीच.
मोरीपाशी अशी बरीच जमतात, ताई. आमच्या बॅचमध्येही एक जमलं होतं. ती हल्ली मला भांडी नीट विसळली नाहीत म्हणून बोलते.