पायाचं ऑपरेशन झालंय? घरी कसं निभावलं ते लिहा

धागा काढणारी, राजारामपुरी

येत्या पंधरवड्यात माझ्या उजव्या पायाचं ऑपरेशन आहे. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलंय, अंगठा शेजारच्या बोटावर चढायला लागलाय. डॉक्टर त्याला बनियन म्हणतात. घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, "बनियनचं ऑपरेशन? शिंप्याकडं जा की." चार दिवस हसून घेतलं, आता हसू येत नाही.

ऑपरेशन तासाभराचं. त्याची भीती नाही. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. नवऱ्याची शिरोलीला शिफ्ट, मुलगा पुण्यात, सासरे ऐंशीच्या पुढचे. कागदावर लिहून दिलंय : 'पाय उंच ठेवा. भार देऊ नका.' भाकरी कोण थापणार आणि रात्री दोनला बाथरूमला कसं जायचं, हे त्या कागदावर नाही. ज्यांचं पावलाचं, घोट्याचं, टाचेचं काही झालंय किंवा ज्यांनी घरात कुणाचं केलंय, त्यांनी लिहा. जे चुकलं ते जास्त लिहा. गोळ्यांची नावं मात्र नकोत, ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांकडून.

मंगळवार पेठ, वय ५८

श्रावणात मोरीत घसरलो. घोटा दोन ठिकाणी मोडला, प्लेट आणि स्क्रू बसवले. तुमच्याकडं तयारीला पंधरा दिवस आहेत, मला पंधरा मिनिटंही नव्हती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर जुनं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मग परडं आणि परड्यात संडास. मध्ये तीन उंबरे, प्रत्येक वीतभर उंच. पन्नास वर्षं ते उंबरे ओलांडले, कधी दिसले नाहीत. वॉकर घेऊन घरी आलो आणि पहिल्याच उंबऱ्याशी अडलो. वॉकर उचलून पलीकडं ठेवायचा आणि एका पायावर उडी मारायची. दुसऱ्या दिवशी उडी चुकली, पोरानं धरलं म्हणून वाचलो. त्याच संध्याकाळी कॉट सोप्यात आणली. कमोडची खुर्ची सर्जिकलच्या दुकानातनं महिन्याच्या भाड्यानं घेतली आणि कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा टांगला. लाज वाटली का? पहिले दोन दिवस वाटली. नंतर पडद्याआडनंच पेपर मागायला लागलो.

आता माझी खरी चूक. आपल्याकडं माणूस आजारी पडला की अख्खी गल्ली भेटायला येते. नारळ, बिस्किटाचे पुडे, तास-तासभर बैठक. मोठी माणसं समोर असताना त्यांच्याकडं पाय करून लोळायचं कसं? म्हणून मी उठून, पाय खाली सोडून, नीट बसायचो. संध्याकाळपर्यंत पाय वांग्यासारखा जांभळा, प्लास्टर आत आवळायचं आणि रात्रभर ठणका. डॉक्टर म्हणाले, पाय उंच म्हणजे स्टुलावर नाही, छातीच्या वर. आडवं पडून खाली दोन लोड. त्यानंतर बायकोनं दारातच सांगायला सुरुवात केली, "बसा, पण ते झोपूनच बोलतील."

दुसरी चूक होता होता राहिली. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच पायाची पोटरी गुडघ्याखाली दुखायला लागली, कडक झाली. चुलतभाऊ खोबरेल तेल कोमट करून बसलाच होता चोळायला. शेजारची मुलगी फिजिओथेरपी शिकते, ती ओरडली, "काका, हात लावू नका!" दवाखान्यात सोनोग्राफी केली तर शिरेत रक्ताची गुठळी. चोळली असती तर ती सुटून फुप्फुसात गेली असती, असं सांगितलं. पुढं रक्त पातळ करायचं औषध घ्यावं लागलं. तेव्हा पोटरी दुखली, सुजली, गरम लागली तर तेल नको, फोन करा. आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनही नको, सरळ दवाखाना.

शिवाजी पेठ, फुटबॉलवाला

काका, मानलं तुमाला.

माझं पायाच्या भायेरच्या कडंचं हाड मोडलं, करंगळीमागचं. स्क्रू टाकला. डॉक्टर म्हनले, इथं रक्त कमी पोचतंय, सावकाश जुळणार, सहा आठवडे पाय टेकायचा न्हाई. मी म्हनलं होय. तिसऱ्या आठवड्यात आमच्या पेठेची फायनल. शाहू स्टेडियम घरापास्नं किती लांब? दोन कुबड्या, दोन दोस्त, गेलो. गोल झाला आन् मी दोन्ही पायांवर उभा. कळलंच न्हाई. पुढच्या एक्सरेत हाड जिथल्या तिथं, जुळायचं नाव न्हाई. आनखी पाच आठवडे.

डॉक्टरनं अजून एक इचारलं, मावा खातोस का? खोटं बोलायला तोंड उघडलं आन् दात दिसले. तंबाखूनं हाड जुळायला येळ लागतो म्हने. ताई, तुमी खात नसशीला, पन घरात कुनाचं ऑपरेशन असंल तर त्याला आधी सोडायला लावा. मी सोडला, हाड जुळलं, परत धरला. खरं ते लिवलं.

आन् कुबडी बगलंत रुतवू नका. मी सगळा भार बगलंवर टाकायचो, आठ दिवसांत हाताला मुंग्या. बगल आन् कुबडीच्या मधी दोन-तीन बोटं जागा पायजे, भार तळहातावर.

एक फिजिओथेरपिस्ट

जिन्यासाठी एकच पाठ करा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. दुसरा मजला आहे, तर पहिल्या दिवशी कुबड्यांवर शौर्य नको. खालच्या पायरीवर बसा, पाठ जिन्याकडं, ऑपरेशनचा पाय पुढं उचललेला आणि बुडावर एकेक पायरी वर सरका. मुलं करतात तसं. ऑपरेशनच्या आधीच चार दिवस सराव करून ठेवा, दुखत नसताना शिकणं सोपं जातं.

सून, कळंबा

माझ्या पायाचं नाही, सासूबाईंच्या. साखर वीस वर्षांची. चैत्रात जोतिबाला अनवाणी गेल्या, दरवर्षी जातात. उन्हानं तापलेल्या दगडावर तळव्याला फोड आले आणि त्यांना कळलं नाही, कारण साखरेनं पायाची जाणीवच गेली होती. दुखलंच नाही तर बघणार कोण? पंधरा दिवसांनी वास यायला लागला तेव्हा मी बघितलं. दोन बोटं काढावी लागली.

घरी आल्यावर ड्रेसिंग मीच करायची. त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याचं. सासूबाईंनी कधी मला पायाला हात लावू दिला नव्हता, पाया पडायला वाकले तरी मागं सरायच्या. पहिल्या ड्रेसिंगला त्यांनी तोंडावर पदर घेतला. मीही काही बोलले नाही, कापूस, सलाईनचं पाणी, पट्टी, एवढंच. आठवड्यानं पदराआडनं म्हणाल्या, "हळू कर गं, गुदगुल्या होत्यात." जाणीव गेलेल्या पायाला गुदगुल्या कुठल्या? घोट्यापाशी हात लागला असणार. पण आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आता रोज रात्री त्यांच्या तळव्याखाली हातआरसा धरते. बोटांच्या बेचक्यासुद्धा बघते. चपला एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या. "कोल्हापुरात राहून ही रबराची चप्पल घालायची?" म्हणून महिनाभर रुसल्या होत्या. अंबाबाईला आता पहाटे नेते, फरशी गार असताना, आणि रिक्षा शक्य तेवढी जवळ.

ज्यांना साखर आहे त्यांनी ऑपरेशनआधी ती आटोक्यात आणल्याशिवाय तारीख घेऊ नका. जखम भरायला आमचे तीन महिने गेले.

शिक्षिका, कसबा बावडा

ताई, तुमचं आहे तेच ऑपरेशन माझंही झालंय. दोन वर्षं झाली.

पायापुरती भूल देतात, तिचा अंमल बराच वेळ टिकतो. सकाळी ऑपरेशन झालं, संध्याकाळी मी बेडवर बसून बहिणीला फोन करून सांगत होते, अगं काहीच दुखत नाही, उगाच घाबरवतात. रात्री दीडला भूल उतरली. पावलात कुणीतरी घण मारतंय असं वाटत होतं. गोळी घेतली, पण ती चढेपर्यंतचा पाऊण तास मी विसरणार नाही. ठणका सुरू व्हायच्या आधी गोळी पोटात गेलेली हवी. किती वाजता घ्यायची ते डिस्चार्जलाच लिहून घ्या आणि गजर लावा. आणि त्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका पहिल्या दिवसापासून.

माझ्या एका बोटातून बारीक तार बाहेर आलेली होती. पाचव्या आठवड्यात ओपीडीतच काढली. मी डोळे मिटून बसले होते, ते म्हणाले, झालं. तोपर्यंत चादर त्या तारेत अडकायची. पायथ्याशी पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा आणि चादर त्याच्यावरनं घ्या.

मला खास बूट घालून टाचेवर भार द्यायला दुसऱ्याच दिवशी परवानगी होती, तुम्हाला भार नको म्हटलंय. हाड कुठं आणि कसं कापतात त्यावर हे बदलतं, म्हणून माझं बघून चालायला लागू नका. बूट मिळाला तर त्याचा तळ जाड असतो. दुसऱ्या पायात सपाट चप्पल घातली की कंबर धरते. तेवढ्याच उंचीचं काहीतरी घाला.

सूज सहा आठवड्यांत जाईल असं मी धरून चालले होते. संध्याकाळची सूज आठ-नऊ महिने होती. शाळेत टेबलाखाली स्टूल ठेवायचे. आणि कोल्हापुरी चप्पल : तिचा अंगठा बरोबर त्या टाक्यांच्या जागी घासतो. वर्षभर कपाटात होती. आता घालते, पण दोन तासांपुरती.

शेतकरी, करवीर तालुका

ट्रॉलीचा दांडा पावलावर पडला, तीन हाडं गेली. ऐन तोडणीत. ऑपरेशन सरकारी योजनेत बसतंय का ते भरती व्हायच्या आधी इचारा, रेशनकार्ड आणि आधार संगट न्या. माझं नाव दोन्हीकडं वेगळं निघालं, त्यात दोन दिवस गेले. बाकी घरात बसून ऊस दुसऱ्यानं तोडलेला बघणं हाच मोठा त्रास.

परत मंगळवार पेठ

राहिलं एक. पोराच्या चाकाच्या खुर्चीवर बसून घरभर फिरायची आयडिया कुणाच्याही डोक्यात येईल. माझ्याही आली होती. खुर्ची मागं पळाली, मी फरशीवर. नका करू.

धागा काढणारी, राजारामपुरी

ऑपरेशन होऊन आज तेरावा दिवस. काल टाके निघाले.

जिना बुडावरनंच चढले. सरावाच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या मावशींनी दार उघडून विचारलं, "काय हरवलंय काय गं?" त्याच मावशी आता रोज सकाळी भाकरी देतात. "मी थापतोच की, तुझ्या दोन जास्त," म्हणाल्या. गजर लावला होता, रात्री साडेअकरा आणि साडेपाच. घण बसले नाहीत, हातोडी बसली. शिक्षिकाताई, तुमच्यामुळं. पुठ्ठ्याचा खोका चहापत्तीचा आहे, चादरीला वास येतो.

आंघोळीचं : बाथरूममध्ये एक स्टूल बसायला, दुसरं दारात, पाय त्याच्यावर बाहेर, वर प्लास्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी. गळ्यात कापडी पिशवी, त्यात फोन, गोळ्या, झाकणाची बाटली. दोन्ही हात कुबड्यांवर असले की पाण्याचा पेलासुद्धा या खोलीतून त्या खोलीत नेता येत नाही, हे पहिल्याच सकाळी कळलं.

आणि सासरे. शिंपी म्हणणारे. दुपारी घरात आम्ही दोघंच. ते लसूण सोलून देतात, फ्रिजमधनं बर्फ काढून टॉवेलात गुंडाळून आणतात आणि घड्याळ घेऊन समोर बसतात, कारण डॉक्टरांनी वीस मिनिटं सांगितली आहेत. एकोणीस झाली. उठायला लागलेत.