घरी बसून आयटी सपोर्टचा कोर्स: कुठला घेतलात, काय कामी आलं?

धागा काढायचं कारण माझा मावसभाऊ. बीकॉम झालाय, कराडला असतो, अख्ख्या गल्लीचे प्रिंटर आणि वायफाय तोच लावून देतो, आणि आता त्याला हेल्पडेस्क किंवा डेस्कटॉप सपोर्टमध्ये नोकरी करायचीय. पुण्यात खोली घेऊन क्लास करणं परवडणार नाही म्हणून घरूनच शिकायचंय. एका इन्स्टिट्यूटचा फोन आला, एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट), सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं), ए प्लस (सपोर्टमधलं सुरुवातीचं), क्लाउड सगळं एकत्र, शंभर टक्के जॉब, आज पैसे भरले तर सवलत. त्याचं जवळजवळ ठरलंच होतं, मी म्हटलं दोन दिवस थांब. तुम्ही घरून शिकून या लाइनीत आला असाल किंवा अशा पोरांना कामावर घेत असाल तर प्लीज सविस्तर लिहा.

मुठाकाठ
पैसे भरू देऊ नका. एमसीएसए (एमसीएसईच्या आधीची पायरी) आणि एमसीएसईच्या परीक्षा मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ लाच कायमच्या बंद केल्या. जी परीक्षाच होत नाही तिचा कोर्स कोणी विकत असेल तर बाकीचं पण तेवढंच जुनं असणार. कुठल्याही कोर्सवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा की परीक्षेचा कोड काय. कॉम्पटिया या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या ए प्लसला दोन पेपर असतात, सध्याचे २२०-१२०१ आणि २२०-१२०२, हे मार्च २०२५ मध्ये आले, आणि आधीचे ११०१ आणि ११०२ सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाले. प्रत्येक पेपर ९० मिनिटांचा, जास्तीत जास्त ९० प्रश्न. दोन्ही एकाच सिरीजचे लागतात, एक जुना एक नवा चालत नाही. आणि दोन पेपर म्हणजे दोन व्हाउचर (परीक्षेला बसायची कुपनं), फीमध्ये दोन्ही धरलीयत का एकच ते लेखी घ्या.
बाकी अभ्यासक्रमाची पूर्ण यादी कॉम्पटियाच्या साइटवर फुकट मिळते. ती प्रिंट काढून भावाला द्या आणि जे येतं त्यावर खूण करायला सांगा. वायफाय-प्रिंटर करणाऱ्या मुलाला त्यातलं बरंच येत असतं, त्याला नावं माहीत नसतात एवढंच.

रात्रपाळी
मी ऐरोलीत सर्व्हिस डेस्कला लीड आहे, एल-वनच्या, म्हणजे युजरचा फोन पहिल्यांदा घेणाऱ्यांच्या, मुलाखती घेतो. सर्टिफिकेट बघतो, नाही असं नाही, एचआरच्या चाळणीतून नाव वर यायला त्याचा उपयोग होतोच. पण समोर बसल्यावर मी विचारतो की युजरच्या मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी आलाय, तर काय झालं असेल? ज्याने फक्त व्हिडिओ बघितलेत तो 'नेटवर्क इश्यू' म्हणून थांबतो, ज्याने हाताने केलंय तो सांगतो की डीएचसीपीकडून (मशीनला आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा) पत्ता मिळाला नाही, आधी केबल बघेन, मग शेजारच्या मशीनला पत्ता मिळतोय का बघेन. दुसरा नेहमीचा प्रश्न, अकाउंट लॉक झालंय आणि पासवर्ड विसरलाय यात फरक काय. पहिल्यात फक्त अनलॉक करायचं, पासवर्ड बदलायचा नाही, नाहीतर त्या माणसाच्या मोबाईलवरचं मेल पण बंद पडतं आणि दहा मिनिटांत तोच परत फोन करतो.
आणि बोलणं! आमच्याकडे अर्धं काम फोनवर आहे. चिडलेल्या माणसाला शांतपणे 'स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलंय ते वाचून दाखवा' म्हणता आलं पाहिजे, आणि तिकिटात दोन ओळी अशा लिहिता आल्या पाहिजेत की पुढच्या शिफ्टवाल्याला परत फोन करावा लागणार नाही. हे कोर्समध्ये असेल तर तो कोर्स चांगला.

कृष्णेचं_पाणी
मी सांगलीची, मुलगी शाळेत जायला लागल्यावर परत कामाला लागायचं ठरवलं. कोर्सेरावर गूगलचा आयटी सपोर्टचा कोर्स केला, मी केला तेव्हा पाच भाग होते, नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टीम, सिस्टीम अॅडमिन, सिक्युरिटी वगैरे. दर महिन्याला पैसे जातात म्हणून वेग ठेवावा लागतो, पण आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो, मी केला होता आणि मंजूर झाला. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, सुरुवातीला इंग्रजीच्या वेगाने घाम फुटायचा, मग सबटायटल लावून व्हिडिओ थांबवत थांबवत वहीत मराठीत लिहायला लागले, डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की नंबर देणारा, असं. नेटवर्किंगच्या भागावर जास्त वेळ द्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सोबत प्रोफेसर मेसरचे ए प्लसचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत, ते पण बघितले. आता घरूनच एका कंपनीच्या हेल्पडेस्कला आहे आणि मनापासून सांगते, मला हे काम आवडतं, अडलेल्या माणसाचं काम सुरू झाल्यावर त्याचा आवाज बदलतो तो ऐकायला फार बरं वाटतं.

सह्याद्रीपल्याड
सगळे कोर्सबद्दल लिहितायत, मी लॅबबद्दल, म्हणजे स्वतःच्या मशीनवर हाताने करायच्या सरावाबद्दल लिहितो, कारण घरून शिकताना हीच गोष्ट राहून जाते. व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एकाच लॅपटॉपमध्ये आणखी मशीनं चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. मायक्रोसॉफ्टकडून विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची इव्हॅल्युएशन कॉपी अधिकृतपणे मिळते, विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवसांची मिळते. जुन्या लॅपटॉपची रॅम १६ जीबी करून घ्या, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा, सर्व्हरवर अॅक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसमधले सगळे युजर आणि मशीनं एका जागेवरून सांभाळणारी सेवा) टाका आणि दुसरं मशीन, म्हणजे क्लायंट, त्या सर्व्हरच्या डोमेनला जोडा. पहिल्यांदा जोडलं जाणारच नाही, 'डोमेन सापडत नाही' असा एरर येईल, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, क्लायंटच्या डीएनएसमध्ये राउटरचा पत्ता असतो, तिथे सर्व्हरचा द्यावा लागतो. हे एकदा स्वतः शोधून काढलं की डीएनएस कशासाठी असतं ते डोक्यात पक्कं बसतं. विंडोजची होम एडिशन डोमेनला जोडता येत नाही, हे पण असंच कळतं. मग दहा खोटे युजर बनवा, लॉक करा, अनलॉक करा, शेअर्ड फोल्डरची परमिशन काढा आणि परत द्या, प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) बंद करून बघा काय होतं ते. नेटवर्कसाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर आहे, स्क्रीनवरच खोटं नेटवर्क जोडून बघायला, सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं काढलं की फुकट. ज्या कोर्समध्ये असलं काही करून घेत नाहीत, नुसते व्हिडिओ आणि एमसीक्यू, त्याला पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. डम्प (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) विकणाऱ्यांपासून तर लांबच ठेवा, पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं.

आयटीआयवाला
मुठाकाठ +१. माझ्या चुलतभावाला एका इन्स्टिट्यूटने 'हप्त्याने भरा' म्हणून सही घेतली, नंतर कळलं ते फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. क्लास दोन महिन्यांत थंडावला, हप्ते चालूच. सही करायच्या आधी विचारा की पैसे नेमके कोणाला देणं लागतोय आणि मध्येच सोडलं तर काय.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. इन्स्टिट्यूटला 'नको' म्हणून कळवलंय. भावाने यादीची प्रिंट काढली आणि निम्म्यावर खुणा केल्यात, सिक्युरिटीवाला भाग कोराच आहे. त्याच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, सर्व्हर आणि एक क्लायंट चालेल का?

सह्याद्रीपल्याड
चालेल, जरा हळू. सर्व्हरला २ जीबी द्या, क्लायंटला ३, क्रोम बंद ठेवा. विंडोज ११ अडलं तर क्लायंटला १० टाका, सरावाला पुरतं.