जर्मन नागरिकत्वाचा अर्ज दीड वर्ष प्रलंबित, आता जन्मदाखल्यावर अडला आहे

निळी_शाई:
नमस्कार. मी, माझे यजमान आणि आमची मुलगी गेली नऊ वर्षे जर्मनीत राहत आहोत. 27 जून 2024 रोजी नवा नागरिकत्व कायदा लागू झाला आणि वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आली. त्यानंतर ऑगस्टमध्ये आम्ही तिघांनी अर्ज केला. जर्मन भाषेचे बी1 (मध्यम पातळीचे) प्रमाणपत्र, नागरिकत्व परीक्षा (33 पैकी किमान 17 उत्तरे बरोबर यावी लागतात, माझी 32 आली), पगारपत्रके, निवृत्तिवेतन विम्याचा तपशील, सारे जोडले आणि प्रौढांसाठी प्रत्येकी 255 व मुलीसाठी 51 युरो शुल्कही भरले. पोचपावती यायला चार महिने लागले. पुढे जवळजवळ वर्षभर काहीच नाही. दूरध्वनी कोणी उचलत नाही आणि ईमेलला ठरावीक मजकुराचे आपोआप उत्तर येते.

आता एकदाचे पत्र आले आहे, तर ते माझ्या जन्मदाखल्याबद्दल. माझा जन्म 1986 चा, खेड्यातला. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा असून लिंगाच्या रकान्यात ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले आहे. शिवाय शाळेच्या दाखल्यावर माझ्या नावापुढे वडिलांचे नाव आहे आणि पासपोर्टवर यजमानांचे, आडनावही बदललेले. या दोन्ही व्यक्ती एकच आहेत हे सिद्ध करा, असे पत्रात म्हटले आहे. माझे नाव मीच आहे हे कोणत्या कागदाने सिद्ध करायचे, या विचाराने रात्रीची झोप उडाली आहे. त्यात भारतीय पासपोर्टची मुदत पाच महिन्यांत संपते. तो नवा करून घ्यावा, की निकालाची वाट पाहावी? आणि आम्ही न्यायालयात जाऊ शकतो का?

माहेर_कराड:
ताई, अगदी हाच प्रसंग माझ्यावर आला होता, म्हणून सविस्तर लिहिते. कोरा रकाना ही आपल्याकडच्या जुन्या नोंदींत सर्रास आढळणारी गोष्ट आहे, कारण जन्माची वर्दी बारशाच्या आधीच दिली जाई आणि नंतर नाव घालायला कोणी परत जात नसे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मागाहून नाव दाखल करण्याची तरतूद आहे. तुमच्या गावचे ग्रामसेवक हेच तिथले निबंधक असतात. शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचा अर्ज घेऊन घरच्या कोणाला तरी प्रत्यक्ष पाठवा, कारण फोनवर हे काम होत नाही. जुनी नोंद असल्याने नाव भरण्याची मुदत सध्या खुली आहे का, हे मात्र आधी विचारून घ्यावे. माझे वडील तीन हेलपाटे घालून आले, तेव्हा कुठे नाव असलेला नवा दाखला मिळाला.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. मी घाईने दाखल्यावर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून हेग करारानुसार मारला जाणारा शिक्का, करून घेतले. भारत 2005 मध्ये त्या करारात आला खरा, परंतु जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवला असल्यामुळे या दोन देशांत तो शिक्का चालत नाही. कार्यालयाला शंका असेल तर ते जर्मन वकिलातीमार्फत भारतात पडताळणी करून घेते, आणि तिलाच काही महिने जातात. तशी पडताळणी होणार आहे का, हे आताच लेखी विचारा.

नावाच्या बाबतीत विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र द्याच. पण माझ्या कामी आले ते एक साधे पान: लग्नापूर्वी नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि लग्नानंतर नाव, पतीचे नाव, पतीचे आडनाव, असा तक्ता मी जर्मनमध्ये करून दिला आणि प्रत्येक ओळीसमोर त्याचा पुरावा कोणता ते लिहिले. मराठी माणसाचे मधले नाव हे दुसरे स्वतःचे नाव नसते, हे तिथल्या अधिकाऱ्याला कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसे?

राइनकाठ:
न्यायालयाच्या प्रश्नापुरते लिहितो. जर्मनीच्या प्रशासकीय न्यायालय कायद्याच्या कलम 75 नुसार, पुरेशा कारणाशिवाय तीन महिन्यांत निर्णय न झाल्यास निष्क्रियतेविरुद्ध दावा दाखल करता येतो. निर्णय यापूर्वीच व्हायला हवा होता असे ठरले, तर कलम 161 प्रमाणे खर्च प्रशासनावर पडतो, मात्र न्यायालयाचे शुल्क आधी आपल्याला भरावे लागते. पण आज तुमच्याकडून एक कागद येणे बाकी आहे, आणि तो बाकी असताना दावा लावला तर विलंबाचे कारण आयतेच त्यांच्या हाती लागेल. आधी कागद द्या, मग रजिस्टर पत्राने ठरावीक तारखेची मुदत द्या आणि तीही टळली तर वकील गाठा. दरम्यान शहर बदलू नका, कारण पत्ता बदलला की फाइल नव्या कार्यालयाकडे जाते.

सातबारा_आणि_मी:
पासपोर्ट अवश्य नवा करा. जर्मन नागरिकत्व प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत तुम्ही भारतीयच आहात आणि ओळखीसाठी चालू पासपोर्ट लागतोच. जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केले असले, तरी आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. मग पासपोर्ट परत करून ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड) अर्ज करावा लागतो. गावी शेती असेल तर हेही ध्यानात असू द्या: ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळू शकते. माझे वडील त्याच काळजीत होते. हे समजल्यावरच त्यांनी मला मनापासून होकार दिला.

निळी_शाई:
आपणा सर्वांची मी ऋणी आहे. माझा भाऊ सोमवारी ग्रामपंचायतीत जात आहे. नावांचा तक्ता आज रात्रीच लिहून ठेवते, पासपोर्टसाठीची वेळही घेतली आहे. माहेर_कराड ताई, नवा दाखला दिल्यावर तुम्हाला निकालासाठी आणखी किती थांबावे लागले?

माहेर_कराड:
सात महिने. मधल्या काळात एक पत्र आले, गेल्या तीन महिन्यांची पगारपत्रके पुन्हा मागणारे. ती दर महिन्याला काढून ठेवत जा.